नव्वद लाख चेटकिणी आणि एक नवा धर्म

१/ दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस, हॅलोवीनच्या आगेमागे, इतिहासप्रेमी मित्रमंडळींत एक चित्र फिरू लागते. काळे आकाश, पेटलेला खांब, त्याला बांधलेली स्त्री. खाली मजकूर असतो: चर्चने ९० लाख चेटकिणी जाळल्या, त्या युरोपातील प्राचीन निसर्गधर्माच्या पुजारिणी होत्या, तोच धर्म आज ‘विक्का’ या नावाने पुन्हा उभा राहिला आहे. आपल्याकडची मुले त्यावर ‘तेही आपल्यासारखेच’ अशी ओळ जोडून तो पुढे धाडतात. मजकुरात तीन विधाने आहेत. पहिली दोन चुकीची आहेत आणि तिसरे अर्धेच खरे आहे. हा धागा त्या तिन्ही विधानांविषयी आहे.

२/ आरंभीच माझी बाजू सांगून टाकतो. विक्का किंवा एकंदर आधुनिक पेगन पंथ टिंगलीचा विषय आहेत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. ख्रिस्ती राजसत्तांनी आणि धर्मसत्तेने केलेल्या अत्याचारांवर पांघरूण घालण्याचाही हेतू नाही. माझे म्हणणे असे की, खोट्या इतिहासाने त्या पंथाचे भले होत नाही, मेलेल्यांना न्याय मिळत नाही आणि आपल्या स्वतःच्या अंगणात काय चालले आहे ते आपल्याला दिसेनासे होते. यांतला शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच्याकडे धाग्याच्या शेवटी येऊ.

३/ प्रथम आकडा. ९० लाख आले कुठून? १७८४ मध्ये जर्मनीतील क्वेडलिनबुर्ग येथील गॉटफ्रीड ख्रिस्टियान फोक्ट या गृहस्थाने आपल्या गावच्या दप्तरातील मोजके खटले घेतले आणि त्रैराशिक मांडले. एका लहान गावात इतक्या वर्षांत इतके बळी, तर साऱ्या युरोपात अकरा शतकांत किती? उत्तर निघाले ९४,४२,९९४. शेवटच्या एककापर्यंत अचूक दिसणारा आणि मुळात निराधार असा हा आकडा. चेटकिणींचे खटले सर्व काळी आणि सर्व प्रदेशांत सारख्याच प्रमाणात चालले, हे त्याचे गृहीतकच चुकले होते.

४/ पुढे या आकड्याचे ‘९० लाख’ झाले. अमेरिकेतील स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या मॅटिल्डा जॉस्लिन गेज यांनी १८९३ च्या आपल्या ग्रंथात तो वापरला. त्यांचा हेतू उदात्त होता. पण त्याच आकड्याला दुसरे गिऱ्हाईकही भेटले. चर्चने जर्मन वंशाच्या स्त्रियांचा संहार केला, हे दाखवण्याची नाझी प्रचारकांना निकड होती. हिमलरच्या आज्ञेवरून १९३५ ते १९४४ या काळात एका खास पथकाने जुनी दप्तरे धुंडाळून सुमारे ३३ हजार नोंदपत्रे तयार केली. शत्रूचा द्वेष हाच ज्यांचा हेतू होता, तेही नऊ वर्षे राबून नव्वद लाखांच्या जवळपास फिरकू शकले नाहीत!

५/ मग खरा आकडा कोणता? गेल्या अर्धशतकात युरोपभरच्या न्यायालयीन कागदपत्रांचा प्रदेशवार अभ्यास झाला. साधारण १४५० ते १७५० या तीनशे वर्षांत चेटकाच्या आरोपावरून ४० ते ६० हजार माणसांना मृत्युदंड झाला, असा आज बहुतेक अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. आइसलँड आणि रशियात मात्र आरोपींत पुरुषच अधिक होते. इंग्लंडमध्ये चेटकिणींना जाळत नसत, फाशी देत. म्हणजे त्या फिरत्या चित्रातला खांबसुद्धा सर्वत्र लागू पडत नाही.

६/ ‘आकडा घटला म्हणून पाप हलके झाले काय?’ असा प्रश्न लगेच येतो. हलके होत नाही, उलट ते डोळ्यांना दिसू लागते. नव्वद लाख हा केवळ हुंकार आहे, पण पन्नास हजारांतल्या अनेकांना नावे आहेत. स्कॉटलंडमधील कर्कॉडी येथे १६३३ मध्ये विल्यम कोक आणि ॲलिसन डिक या नवरा-बायकोला जाळण्यात आले. त्या खर्चाचा हिशेब आजही उपलब्ध आहे. कोळशाच्या दहा खेपा, डांबराचे पिंप, दोर, मारेकऱ्याची मजुरी, सारे पैशापैशाने मांडलेले आहे. मला विचाराल तर हा एक हिशेब त्या नव्वद लाखांपेक्षा अधिक भयंकर आहे.

७/ आता दुसरे विधान. या स्त्रिया प्राचीन धर्माच्या पुजारिणी होत्या, हे कोणी सांगितले? या कल्पनेला विसाव्या शतकात विद्वत्तेचा शिक्का मिळवून दिला तो मार्गारेट मरे यांनी. जन्म १८६३, कलकत्ता. ईजिप्तच्या प्राचीन इतिहासातील त्यांचा अधिकार निर्विवाद होता. १९२१ मध्ये ‘द विच-कल्ट इन वेस्टर्न युरोप’ या पुस्तकात त्यांनी मांडले की, ख्रिस्ती युरोपच्या पोटात शिंग असलेल्या देवाचा एक संघटित जुना धर्म गुप्तपणे टिकून होता आणि चेटकिणींचे मेळावे म्हणजे त्या धर्माचे उत्सव होत.

८/ मरे यांनी पुरावा कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. खटल्यांतील कबुलीजबाबांत दोन प्रकारचा मजकूर असे. आम्ही रात्री माळावर जमलो, नाचलो, जेवलो, हा एक. आम्ही हवेतून उडालो, मांजर झालो, सैतानाला भेटलो, हा दुसरा. एकाच व्यक्तीने, बहुधा एकाच दमात सांगितलेला. मरे यांनी अनेक ठिकाणी अशक्य भाग गाळला आणि शक्य वाटणारा भाग उद्धृत केला. १९७५ मध्ये नॉर्मन कोन यांनी मूळ कागद शेजारी ठेवून ही कात्री उघड केली. उरलेला मजकूर खरा वाटत होता, कारण खोटे वाटणारे आधीच छाटले गेले होते.

९/ आणि ते जबाब कसे मिळाले? अंगठे चिरडून, दिवसरात्र झोपू न देता, दोराने टांगून. छळ करणारा शेवटी एकच प्रश्न विचारतो, ‘तुझ्याबरोबर आणखी कोण होते?’ या प्रश्नाचे कोणतेही उत्तर दिले तरी त्यातून एक ‘मेळावा’ जन्माला येतो. संघटित गुप्त पंथाचा पुरावा म्हणून मरे यांना जे दिसले, ते प्रत्यक्षात प्रश्नावलीचे प्रतिबिंब होते. तरीही ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’मधली चेटकावरची नोंद १९२९ पासून मरे यांचीच होती आणि ती काही दशके छापली जात राहिली. सामान्य वाचकाने तो सिद्धान्त आहे हे विसरून त्याला इतिहास मानले, यात नवल नाही.

१०/ मग मेलेल्या त्या माणसांचा धर्म कोणता? उत्तर रुचणार नाही, पण ते कागदावर आहे. ती माणसे ख्रिस्ती होती. अमेरिकेतील सेलम येथे १६९२ मध्ये १९ जणांना फाशी झाली. त्यांतील रिबेका नर्स ही ७१ वर्षांची, चर्चची मान्यवर सदस्य असलेली आजी. जॉर्ज बरोज तर पूर्वी त्याच गावी धर्मोपदेशक होते. चेटक्याला प्रभूची प्रार्थना बिनचूक म्हणता येत नाही, अशी तेव्हा समजूत होती. बरोज यांनी फासाखाली उभे राहून ती अखंड म्हटली. जमाव चुळबुळला. फाशी तरीही झाली.

११/ ज्या श्रद्धेला कवटाळून ते गेले, ती आज आपण त्यांच्याकडून काढून घेतो आणि त्यांनी कधी न मानलेल्या देवतेच्या हुतात्म्यांत त्यांचे नाव घालतो. न्यायाधीशही तेच म्हणत होता ना? ‘तू ख्रिस्ती नाहीस, तू त्या दुसऱ्या पंथाची आहेस.’ ते फिरणारे चित्र पुढे पाठवणारा, त्याच्या नकळत, न्यायाधीशाचा निकाल कायम करतो. फरक इतकाच की न्यायाधीश तिला पापिणी म्हणत होता आणि आपण वीरांगना म्हणतो. तिचे स्वतःचे म्हणणे तेव्हाही कोणी ऐकले नाही आणि आताही कोणी ऐकत नाही.

१२/ मारणारे कोण? ‘चर्च’ हे उत्तर सोपे आहे आणि अपुरे आहे. बहुसंख्य मृत्युदंड राजसत्तेच्या व स्थानिक न्यायालयांनी दिले आणि बहुतेक तक्रारी शेजाऱ्यांच्या होत्या. स्पेनमधील इन्क्विझिशनने १६१० मध्ये लोग्रोन्यो येथे सहा जणांना जिवंत जाळले हे खरे. पण त्याच न्यायमंडळातील आलोन्सो दे सालाझार फ्रियास यांनी नंतर गावोगाव फिरून शेकडो जबाब तपासले आणि चेटकाचा एकही खरा पुरावा सापडला नसल्याचा अहवाल दिला. १६१४ च्या नव्या नियमांनी तेथे असे खटले जवळजवळ थांबले. उत्तरेकडे, इन्क्विझिशनचा अंमल नसलेल्या जर्मन प्रदेशांत, ते सर्वाधिक पेटलेले होते.

१३/ म्हणून धर्मसत्ता निर्दोष ठरते काय? अजिबात नाही. चेटकीण सैतानाशी करार करते, ही कल्पना धर्मशास्त्र्यांनीच घडवली. १४८६ च्या सुमारास ‘मॅलेउस मॅलेफिकारुम’ हा छळाचा कुप्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा हाइनरिश क्रेमर धर्मसंघाचाच होता. पण १६३१ मध्ये या खटल्यांवर घणाघाती ग्रंथ, जिवाच्या भीतीने निनावी, लिहिणारा फ्रीडरिश श्पे हाही जेझुइट पाद्रीच होता. एकाच परंपरेत जल्लाद आणि साक्षीदार दोघेही सापडतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या दोघांचीही नावे लक्षात ठेवली पाहिजेत.

१४/ मूर्तिपूजकांवर खरोखरचे अत्याचार झालेच नाहीत काय? झाले. ३९१-९२ मध्ये रोमन सम्राट थिओडोशियसने यज्ञबळी आणि मंदिरपूजा यांवर बंदी घातली. ७८२ मध्ये फेर्डन येथे शार्लमेनने एका दिवसात ४,५०० सॅक्सन बंदिवानांची मुंडकी उडवल्याचे त्याच्याच दरबारी बखरींत नमूद आहे. त्याने सॅक्सनांसाठी सुमारे ७८५ मध्ये केलेला कायदा पाहा. बाप्तिस्मा नाकारून लपून राहणाऱ्याला त्यात मृत्युदंड आहे. आणि एखाद्या स्त्रीला वा पुरुषाला माणसे खाणारी चेटकीण समजून जाळणाऱ्यालाही मृत्युदंडच आहे! ‘चेटकीण असते’ ही समजूत तो कायदा मूर्तिपूजकांचा भ्रम मानतो.

१५/ हा एक दस्तऐवज सोप्या कथेचे दोन्ही पाय ओढतो. आता कालक्रम मांडा. युरोपातील अखेरचे मोठे मूर्तिपूजक राज्य लिथुआनिया. तेथे १३८७ मध्ये अधिकृतपणे ख्रिस्ती धर्म आला. चेटकिणींच्या खटल्यांचा कहर १५६० ते १६३० या काळात झाला. मधल्या काळात जुने सण, तोडगे, झऱ्यांवरची श्रद्धा असे बरेच काही लोकजीवनात उरले होते, पण देवता, पुरोहित आणि पूजाविधी असलेला जिवंत धर्म उरला नव्हता. मूर्तिपूजकांवरील अत्याचार आणि चेटकिणींचे खटले हे दोन वेगळे गुन्हे आहेत. ते एकाच पोत्यात भरले की दोन्ही नीट दिसत नाहीत.

१६/ आता तिसरे विधान, विक्का. जेराल्ड गार्डनर, जन्म १८८४. सिलोन, बोर्निओ आणि मलायात आयुष्य घालवलेला, सीमाशुल्क खात्यातून १९३६ मध्ये निवृत्त झालेला इंग्रज. १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागात आपल्याला एका जुन्या चेटकीण-मंडळात दीक्षा मिळाली, असा त्याचा दावा होता. इंग्लंडमधला १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरचे ‘विचक्राफ्ट टुडे’ बाहेर आले. त्याला प्रस्तावना कोणाची? मार्गारेट मरे यांची. पुस्तकातला सिद्धान्त आणि त्यावर आधारलेला धर्म अशा रीतीने एकाच मुखपृष्ठाआड भेटले.

१७/ त्या विधींची जुळणी कशाकशातून झाली? फ्रीमेसन मंडळींच्या दीक्षेच्या पायऱ्या, मध्ययुगीन मंत्रग्रंथ, चार्ल्स लेलंड यांचे १८९९ चे ‘अरॅडिया’ आणि अलिस्टर क्राउली या गूढवाद्याचे लेखन. १९५३ मध्ये दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएन्टी यांनी क्राउलीची वाक्ये चटकन ओळखली आणि मग स्वतःच नवी, अधिक सुंदर प्रार्थनागद्ये रचली. वर्षाचे आठ सण पन्नाशीच्या दशकात जुळवले गेले. शरद-संपाताच्या सणाचे ‘मेबन’ हे नाव तर १९७० च्या दशकातले. हे सारे सविस्तर मांडणारे रोनाल्ड हटन यांचे ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ १९९९ मध्ये आले. योगायोग पाहा: मिथक रुजवणाऱ्या मरे कलकत्त्याच्या, ते उलगडणारे हटन उटीत जन्मलेले.

१८/ ‘म्हणजे विक्का खोटा धर्म!’ असा उड्या मारणारा दुसरा गटही आहे. त्याला माझा तितकाच विरोध आहे. जुनेपण हा सत्याचा दाखला कधीपासून झाला? रोमन इतिहासकार सुएटोनियस याने ख्रिस्ती पंथाची निर्भर्त्सना करताना त्याला ‘नवा’ आणि ‘अपायकारक’ ठरवले होते. त्या दुसऱ्या विशेषणाचा लॅटिन धातू आणि पुढे चेटकाच्या गुन्ह्यासाठी रूढ झालेल्या ‘मॅलेफिकियम’ या शब्दाचा धातू एकच आहे. जो पंथ कालचा म्हणून आणि घातक म्हणून हिणवला गेला, त्याच्याच वारसांनी तेच शब्द इतरांसाठी वापरले. आज कोणी विक्काला ‘कालचा पंथ’ म्हणून हिणवत असेल, तर त्याने आपण कोणाच्या रांगेत उभे आहोत ते पाहावे.

१९/ खुद्द पेगन मंडळींतल्या विचारी लोकांना हे केव्हाच उमगले. १९७४ मध्ये मिनियापोलिस येथे अमेरिकेतील चेटूकपंथीयांच्या परिषदेने तेरा तत्त्वे मांडली. आमच्या पंथाच्या इतिहासावरील वादांनी आम्हांला धोका वाटत नाही, अशा अर्थाचे एक तत्त्व त्यांत आहे. ख्रिस्ती धर्माशी आमचे वैर केवळ ‘एकमेव खरा मार्ग’ या दाव्यापुरते आहे, असे दुसरे आहे. सैतानाची पूजा आम्ही करत नाही, असे तिसरे. पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी जे ओझे उतरवले, ते आपल्याकडचे उत्साही अजून डोक्यावर घेऊन का नाचतात?

२०/ आता नीतीकडे वळू, कारण तुलना करायची तर ती वयाची करून काय उपयोग? विक्काचा गाभा म्हणजे ‘रीड’, म्हणजे उपदेश. इंग्रजीत अवघे आठ शब्द. आशय असा: कोणाला इजा होत नसेल, तर मनाप्रमाणे वाग. व्हॅलिएन्टी यांनी तो १९६४ मध्ये जाहीरपणे मांडला. त्याचा वंशवृक्ष मजेदार आहे. गार्डनरने १९५९ मध्ये या नीतीचा धागा प्येर लुईसच्या १९०१ मधील फ्रेंच कादंबरीतल्या पोझोल राजाशी जोडला होता. त्याआधी क्राउली, त्याआधी सोळाव्या शतकातला राब्ले. आणि प्रेम असू दे, मग वाटेल ते कर, अशा आशयाचे प्रवचन पाचव्या शतकाच्या आरंभी देणारा कोण? संत ऑगस्टीन! लेक आईशी भांडते आहे, पण आवाज आईचाच आहे.

२१/ भेद मात्र खरे आहेत. ख्रिस्ती विचारात पाप हे आधी ईश्वराविरुद्ध असते, मनुष्य जन्मतः पतित असतो आणि क्षमा ही कृपा म्हणून मिळते. विक्कात मूळ पाप नाही, तारणहार नाही आणि सैतानही नाही. ऐकायला हे सुटसुटीत वाटते, पण जबाबदारी जड होते. वाईट कृत्याचे खापर फोडायला सैतान नाही आणि भार उचलायला कोणी वधस्तंभावर चढलेला नाही. ज्याला इजा केली त्याच्या दारी स्वतःच जावे लागते.

२२/ जादूच्या नीतीत हाच प्रश्न टोकाला जातो. एखाद्याचे मन आपल्याकडे वळवणारा मंत्र करावा का? बहुतेक विक्कापंथीय ‘नाही’ म्हणतात, कारण तो दुसऱ्याच्या इच्छेवरचा घाला आहे. न विचारता एखाद्याच्या आजारावर मंत्र करावा का? यावरही तेथे गंभीर वाद आहेत. ख्रिस्ती भाविक आजाऱ्यासाठी न विचारता प्रार्थना करतो, कारण निर्णय तो देवावर सोपवतो. जादू करणारा निर्णय स्वतःकडे ठेवतो, म्हणून त्याला संमती विचारावी लागते. मंत्राने काही घडते असे मी मानत नाही. पण ‘दुसऱ्याच्या भल्यासाठीही त्याची परवानगी लागते’ हा विचार मंत्राशिवायही उभा राहतो.

२३/ या नीतीत उणीव आहे का? मोठी आहे. येशूची भल्या शोमरोनी माणसाची गोष्ट आठवा. लुटारूंनी मारून अर्धमेल्या अवस्थेत टाकलेल्या वाटसरूला पाहून याजक आणि लेवी रस्त्याच्या पलीकडून निघून गेले. त्यांनी कोणाला इजा केली? आठ शब्दांच्या कसोटीवर ते दोघे निर्दोष सुटतात! इजा न करणे ही नीतीची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. तसेच ‘केलेले तिप्पट होऊन परत येते’ हा विक्कातला नियम माणसाला सज्जन करण्यापेक्षा हिशेबी करण्याची भीती अधिक. स्टारहॉक यांच्यासारख्या लेखिकांनी ही उणीव ओळखली आणि १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील डियाब्लो कॅन्यन अणुप्रकल्पाविरुद्धच्या सत्याग्रहात उतरून ती कृतीने भरून काढण्याचा यत्न केला.

२४/ ख्रिस्ती नीतीची उणीव नेमकी उलट बाजूला आहे. आत्म्याचे तारण देहाच्या वेदनेपेक्षा श्रेष्ठ ठरले की छळालाही दया म्हणता येते. ‘तुझ्या आत्म्याच्या भल्यासाठी तुझे शरीर जाळतो’ हे वाक्य शोमरोनी माणसाच्या गोष्टीवर वाढलेल्या समाजातच बोलले गेले. आठ शब्दांचा उपदेश हे दार मात्र घट्ट बंद करतो. त्याच्या अनुयायाला कोणाच्याही तारणासाठी कोणाला जाळता येत नाही. चेटकिणींच्या इतिहासातून शिकण्यासारखे जे होते ते या नव्या पंथाने, चुकीची पुस्तके वाचूनही, बरोबर शिकले. त्याचा मोठेपणा येथे आहे, प्राचीनत्वात नाही.

२५/ आता ‘तेही आपल्यासारखेच’ या ओळीकडे. ‘पेगन’ हे नाव ख्रिस्ती लोकांनी बाकीच्यांना दिले. गोव्यात पोर्तुगीज हिंदूंना ‘जेंतिऊ’ म्हणत, तोही त्याच जातीचा शब्द. जे आपले नाहीत ते सगळे एका खान्यात, हा मिशनऱ्याचा हिशेब. तोच खाना आपण अभिमानाने का वापरावा? शिवाय खोटा आकडा खऱ्या दुःखालाही बुडवतो. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले आणि मधला थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. तो इतिहास सांगताना ९० लाख चेटकिणी जोडल्यात, तर ऐकणारा दोन्हींना हसून मोकळा होईल.

२६/ आणि आता आपले अंगण. सातपुड्यातील आदिवासी पाड्यांवर आजही एखाद्या बाईला ‘डाकीण’ ठरवले जाते. कोणाचे मूल दगावते, म्हैस दूध देईनाशी होते, विधवेच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. मग कोणीतरी तिचे नाव घेतो. तेथे पोप नाही, इन्क्विझिशन नाही, बायबलही नाही. तरी सारे यंत्र तेच आहे: आजार, शेजारी, कुजबुज, जमाव. युरोपातील खटल्यांचे कागद वाचलेल्याला यांतले एकही कारण अनोळखी वाटणार नाही. आटलेले दूध तर तिकडच्या तक्रारींत पानोपानी भेटते.

२७/ बिहारने १९९९ मध्ये आणि झारखंडने २००१ मध्ये याविरुद्ध कायदे केले. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाल्यानंतर आधी अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचे दूध आटवते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे हा त्या कायद्याच्या अनुसूचीत गुन्हा म्हणून नोंदवलेला आहे. कर्कॉडीच्या ॲलिसन डिकला जे मिळाले नाही, ते कागदावर तरी आपल्या बायांना मिळाले आहे. त्यासाठी एका माणसाचा जीव गेला.

२८/ २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार जणांनी आपला धर्म ‘पेगन’ असा लिहिला आणि सुमारे १३ हजारांनी ‘विक्का’. सरकारी कागदावर, स्वखुशीने. ज्या देशात या नावाखाली फाशी होत असे, तेथे आज माणसे ते आपणहून लिहितात. नंदुरबारच्या पाड्यावरची बाई मात्र तेच नाव पुसायला आयुष्य घालवते. स्वतः निवडलेले नाव आणि इतरांनी कपाळावर मारलेले नाव यांत जे अंतर आहे, त्याला नव्वद लाखांच्या कथेत जागाच नाही, कारण त्या कथेत चेटकीण खरीच चेटकीण असते.

२९/ तेव्हा पुढच्या ऑक्टोबरात ते चित्र आले की पाठवणाऱ्याला तीनच गोष्टी सांगा. मेलेल्या माणसांचा आकडा पन्नास हजारांच्या आसपास होता आणि ती बहुतेक ख्रिस्ती होती. विक्का सत्तर-पाऊणशे वर्षांचा तरुण धर्म आहे आणि त्याला आदर द्यायला तेवढे वय पुरे आहे. आणि चेटकीण म्हणून बाई मारली जाण्याचा इतिहास ज्याला मनापासून दुखतो, त्याला सातपुडा राइन नदीपेक्षा जवळ आहे.

धागा संपला. चूक आढळल्यास पुराव्यासह खाली लिहा. दुरुस्ती याच धाग्याला जोडीन.